विश्लेषण : समुद्राखालच्या गॅसवाहिनीला कुकरसारखी शिट्टी का नसते?

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवरच्या ‘मुंबई हाय’चा वायू समुद्रतळावरच्या वाहिन्यांतून उरणला येतो. पुणेकरांना हे दूरचे वाटेल. पण दाब आवरण्याचा हाच प्रश्न पुण्याच्या रस्त्यांखालीही आहे.

दाब वाढला तर काय करतात?

विहीर वायू ढकलतच असते. पुढे व्हॉल्व्ह अचानक बंद झाला किंवा वाहिनी तुंबली, की दाब चढू लागतो. कुकर जादा वाफ शिट्टीतून सोडतो. समुद्रतळावर ती सोय नाही, कारण सुटलेला वायू वर प्लॅटफॉर्म आणि जहाजांपाशीच निघेल. म्हणून प्रवाह उगमाशीच तोडणारी यंत्रणा वापरतात. तीन दाबमापकांपैकी दोघांनी धोका दाखवला, की एकामागोमाग बसवलेले दोन व्हॉल्व्ह काही सेकंदांत मिटतात. एकाच मापकावर भिस्त ठेवली आणि तोच बिघडला, तर धोका कळतच नाही किंवा उत्पादन फुकट थांबते. शिवाय ही यंत्रणा रोजच्या नियंत्रणापासून पूर्ण वेगळी असावी लागते. खरी ग्यानबाची मेख इथेच आहे.

वेगळी नसेल तर?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 13 सप्टेंबर 2018 रोजी तेच घडले. शहरी गॅसवाहिनीवर दोन नियामक होते, एक चुकला तर दुसरा सावरेल म्हणून. मात्र दोघांच्याही दाब मोजणाऱ्या नळ्या जुन्या पाइपलाच जोडलेल्या होत्या. तो पाइप बदलताना तोडला गेला. दाब उतरल्याचे समजून नियामक उघडत गेले आणि घराघरांत जादा दाबाचा वायू शिरला. स्फोट झाले, आगी लागल्या, एका तरुणाचा जीव गेला.

पुण्याचे काय?

शहरातल्या प्लास्टिक वाहिन्यांत दाब 4 बारपर्यंत असू शकतो, शेगडीपाशी तो जेमतेम 21 मिलिबार लागतो. मधला सगळा भार नियामक आणि आपोआप मिटणाऱ्या व्हॉल्व्हवर. इकडे मेट्रो, उड्डाणपूल, रस्तारुंदी यांसाठी खोदाई सुरूच असते. वाहिनी हलवण्याआधी दाब मोजणारी नळी नेमकी कुठे जोडली आहे, हे जागेवर जाऊन पाहणे सक्तीचे हवे. नकाशावर भागणार नाही. व्हॉल्व्ह खरोखर मिटवून पाहायचा तर पुरवठ्यात अडथळा येऊ शकतो, त्यामुळे चाचणी पुढे ढकलण्याचा मोह समुद्रात आणि शहरात सारखाच. ‘एमएनजीएल’ने अशा चाचण्यांच्या तारखा आणि निकाल प्रभागनिहाय जाहीर करावेत, आणि पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने ते मागावेत.