बल्ब विकू नका, फॉल्ट शोधायचे पैसे घ्या

चाकण, भोसरी, तळवडे या पट्ट्यात ऑटो इलेक्ट्रिकचं काम सुरू करू म्हणणारे बरेच जण मला पहिला प्रश्न विचारतात, "सर, एलईडी आणि हॉर्नचा माल किती भरू?" माझं मत थोडं वेगळं आहे. माल कमी भरा. एक चांगला मल्टिमीटर घ्या आणि फॉल्ट शोधण्याचे पैसे मागायला शिका.

आपल्याकडे छोटा हत्ती आणि पिकअप दिवसभर एमआयडीसीच्या फेऱ्या मारतात. पावसाळ्यात चिखल, पाणी, खड्डे. मागचे दिवे बंद पडले की ड्रायव्हर येतो, वायरमन बल्ब बदलतो, होल्डर घासतो, पन्नास-शंभर रुपये घेतो. आठ दिवसांनी तीच गाडी पुन्हा दारात. मग मालक म्हणतो, "याला काही कळत नाही." खरं तर बल्बचा दोष नव्हताच.

नेहमीची केस सांगतो. साइड दिली की टेल लॅम्प लुकलुकतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो. हे दिसलं की बल्बला हात लावू नका, आधी अर्थ बघा. अर्थ तुटला की करंट दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून परतीची वाट शोधतो, म्हणून हा गोंधळ. पिकअपवर बॉडी नंतर बांधली जाते. वायरिंग कापून लांबवलेलं असतं, अर्थचा बोल्ट रंगावरच आवळलेला असतो. नवीन असताना चालतं, दोन पावसाळ्यांनी गंज धरतो.

तपासायचं कसं? ब्रेक दाबून ठेवायला एकाला बसवा. मीटर डीसी व्होल्टवर. काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला, लाल प्रोब दिव्याच्या अर्थ वायरला. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थ संशयात, दोन-तीन व्होल्ट आले तर फॉल्ट सापडलाच. हे दिवा चालू असतानाच करायचं. बल्ब काढून मोजलं तर कुजलेली वायरसुद्धा १२ व्होल्ट दाखवते, कारण तिच्यातून करंट वाहतच नसतो. नवीन पोरं इथेच फसतात. ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, तेवढा भार पडला की मगच वायरचं खरं रूप दिसतं.

अर्थ ठीक निघाला तर तीच पद्धत प्लसच्या बाजूने. मागे ट्रेलर जोडलेला असेल तर आधी कपलर सोडून गाडीच्या सॉकेटवर मोजा. तिथे सप्लाय येतोय म्हणजे भानगड बहुधा ट्रेलरमध्ये, अर्धं काम तिथेच संपतं. (मोठ्या ट्रेलरला २४ व्होल्ट असतात, १२ चा बल्ब लावाल तर लगेच उडेल.) आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात तांब्याची तार घालणारा वायरमन दिसला तर त्याच्याकडे काम शिकू नका.

आता पैशाचं. तपासणीचा दर बोर्डावर लिहा, समजा ३०० रुपये. दुरुस्ती वेगळी. गिऱ्हाईक सुरुवातीला कुरकुर करणार, "बाजूचा फुकट बघतो." बघू द्या. त्याला मीटरवरचा आकडा दाखवा, रंग घासून थिंबल बसवा, पुन्हा आकडा दाखवा. डोळ्यांसमोर आकडा खाली आला की माणूस भांडत नाही. ज्या मालकाच्या चार गाड्या आहेत त्याच्यासाठी एक फेरी बुडणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

फुकट बघण्याची सवय लागली की वायरमन बल्ब विकूनच वसुली करतो, आणि खरा फॉल्ट गाडीतच राहतो. पुणे-नाशिक रस्त्यावर रात्री टेल लॅम्पशिवाय उभी राहिलेली पिकअप मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला दिसत नाही. म्हणून या दराबाबत मी हट्टी आहे.

एक वही ठेवा. गाडीचा नंबर, तारीख, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, कुठे जोड केला. तीच गाडी परत आली तर पहिल्यांदा आपलाच जोड तपासा, आणि तो सुटला असेल तर त्या दिवशी पैसे घेऊ नका.