स्थळाची चौकशी

खुनाची गोष्ट वाचूनही रात्री शांत झोप लागते, असा रहस्यकथेचा एक प्रकार इंग्रजीत आहे. त्याला ‘कोझी’ म्हणतात. खून होतो, पण आडोशाला. रक्त जवळजवळ दिसत नाही, छळ तर नाहीच. गाव लहान, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. गुन्हा उकलणारी व्यक्ती पोलिसांतली नसते. कधी ती ग्रंथपाल असते, कधी बेकरी चालवणारी बाई, कधी पुस्तकांच्या दुकानाची मालकीण. या साऱ्यांची आजी म्हणजे अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. १९२७ साली ती एका लघुकथेत पहिल्यांदा अवतरली आणि १९३० मध्ये तिची पहिली कादंबरी आली. सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात विणकाम करत बसणारी ही अविवाहित म्हातारी भल्याभल्या गुन्हेगारांना ओळखते, कारण तो माणूस तिला गावातल्या कुणाची तरी आठवण करून देतो. अमेरिकेत या जातीच्या लेखनाला दरवर्षी ‘अगाथा’ पुरस्कार देतात आणि त्याचं मानचिन्ह चहाची किटली असतं. मला ही निवड फार आवडते. चहा ओतता ओतता माणसं जे बोलून जातात, त्यातूनच या कथांचा उलगडा होतो.

या हौशी गुप्तहेरांना लेखकांनी आजवर नाना व्यवसाय दिले. पण लग्न जुळवण्याच्या व्यवसायाइतका रहस्यकथेला सोयीचा व्यवसाय दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि हे मराठी माणसाला पटवायला फार कष्ट पडू नयेत.

आपल्याकडे स्थळ सांगून आलं की आधी काय होतं? चौकशी. मुलाचा बायोडाटा हातात असतो. शिक्षण, पगार, उंची, रास, नक्षत्र, गोत्र, मामेकुळ, ‘अपेक्षा’, सगळं व्यवस्थित टाइप केलेलं. तरी त्या कागदावर कुणी विसंबत नाही. मुलाच्या ऑफिसात आपल्या ओळखीचं कोण, त्यांच्या सोसायटीत आपल्यापैकी कुणाची मुलगी दिली आहे, हे शोधून काढलं जातं. एखादे मामा ‘सहज इकडून चाललो होतो’ म्हणत त्यांच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे थांबतात, पाव किलो शेंगदाणे घेतात आणि घरातली उधारी वेळच्या वेळी फिटते का, एवढं काढून घेऊन येतात. पाहण्याच्या कार्यक्रमात आत्या पाणी मागायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरते. पोहे कुणी केले, हे तिला तिथे कळतंच. शिवाय थोरल्या सुनेला हाक कोणत्या सुरात मारली जाते, तेही कळतं. परतीच्या रिक्षात मग जबाब नोंदवले जातात. एक म्हणतो, मुलगा अबोल आहे. दुसरी म्हणते, अबोल कसला, त्याचे वडील त्याला बोलू देत नाहीत. आणि इतका वेळ गप्प बसलेली आजी म्हणते, ‘भिंतीवर धाकट्याचे चार फोटो होते. थोरल्याचा एकही नाही. तो कुठे असतो, ते विचारा.’

ही आजी मिस मार्पलच्या तोडीची आहे. तिला कुणी गुप्तहेर म्हटलं नाही, एवढंच.

वधू-वर सूचक मंडळ चालवणाऱ्या बाईंकडे तर अशा साऱ्या आज्यांचं ज्ञान एकत्र येतं. त्यांच्या फायलींत फोटो आणि पत्रिका असतात, पण खरी माहिती त्यांच्या डोक्यात असते. कोणत्या घरानं कुणाला नकार दिला आणि का दिला, हे त्यांनाच ठाऊक. नकार देण्याची आपली पद्धत तर रहस्यकथाकाराला पर्वणीच वाटावी. मुलीचा रंग आवडला नाही, मुलाला टक्कल आहे, भावाचं कर्ज आहे, मुलीचं मन दुसरीकडे आहे, यातलं काहीही कारण असो, समोरच्याला कळवायचं वाक्य एकच: ‘पत्रिका जुळत नाही.’ समोरचं माणूस दुखावू नये म्हणून सगळं गाव एकच सभ्य खोटं बोलतं. त्यामागचं खरं ओळखणं हेच या बाईंचं रोजचं काम. गुप्तहेर आणि विवाहमध्यस्थ दोघेही दडलेलं शोधतात. फरक इतकाच की पहिला घडून गेल्यावर येतो, दुसरीनं घडण्याआधी पोहोचायला हवं.

इंग्रजी साहित्यात ही जोडी फार जुनी आहे. जेन ऑस्टेनची ‘एमा’ १८१५ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली, तेव्हा गुप्तहेरकथा हा प्रकार जन्मायचा होता. तरी १९९८ साली पी. डी. जेम्स या मोठ्या रहस्यकथालेखिकेनं जेन ऑस्टेन सोसायटीपुढे भाषण केलं आणि ‘एमा’ ही गुप्तहेरकथा म्हणून कशी वाचता येते, ते दाखवून दिलं. त्यात खून नाही. फ्रँक चर्चिल आणि जेन फेअरफॅक्स यांनी चोरून लग्न ठरवलं आहे, हे रहस्य. फ्रँक नुसते केस कापायला म्हणून लंडनला जाऊन येतो. थोड्याच दिवसांत जेनच्या घरी कुणाचं नाव-गाव नसलेला पियानो येऊन पडतो. नाजूक प्रकृतीची जेन भर पावसात स्वतः पोस्टात पत्रं आणायला जाते. सगळे धागे वाचकाच्या पुढ्यात. वर मिस बेट्स नावाची अखंड बोलणारी बाई अर्ध्या गोष्टी सांगूनही टाकते, पण तिचं बोलणं कुणी कान देऊन ऐकतच नाही. गावातली लग्नं जुळवण्याचा विडा उचललेल्या एमाला यातलं काही दिसत नाही. मिस्टर एल्टन आपल्या मैत्रिणीवर भाळला आहे अशी तिची खात्री, आणि तो बग्गीत मागणी घालतो ती एमालाच. तिचे डोळे तेज आहेत. पण तिला जे घडायला हवं आहे, तेच ते पाहतात. चौकशीला गेलेल्या कितीतरी मामा-आत्यांचं असंच होतं. मुलगी लवकर उजवायची घाई झाली की वाण्याच्या बोलण्यातला होकार तेवढा ऐकू येतो.

ख्रिस्तीनं पुढे एक वेगळीच गंमत केली. १९३४ च्या तिच्या कथासंग्रहात पार्कर पाइन नावाचे गृहस्थ आहेत. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं आकडेवारी गोळा करून निवृत्त झालेले. ते वर्तमानपत्रात जाहिरात देतात: दुःखी असाल तर मला भेटा. पूर्व आफ्रिकेतून निवृत्त होऊन आलेले मेजर विल्ब्रहम त्यांच्याकडे येतात. पैशाची ददात नाही, पण आयुष्य मिळमिळीत झालं आहे. पाइनसाहेब त्यांना एका पत्त्यावर पाठवतात. तिथे पोहोचतात तोच किंकाळी. संकटातली तरुणी, तिची सुटका, स्वाहिली भाषेतला गूढ कागद, हस्तिदंताचा खजिना, तळघरात दोघांना कोंडून सोडलेलं पाणी! शेवटी लग्न होतं. वाचकाला मागाहून कळतं की हे सारं नाटक ॲरियाडनी ऑलिव्हर या पाइनच्या पदरी असलेल्या कादंबरीकार बाईंनी रचलं होतं आणि ती तरुणीही कंटाळलेलं आयुष्य घेऊन त्याच कचेरीत आली होती. नवरा-बायकोला त्याचा पत्ता नाही. दोन कंटाळलेली माणसं एका रहस्यात एकत्र ढकलली तर ती एकमेकांना ओळखतील, हा पाइनसाहेबांचा हिशेब मला मनापासून पटतो. पाहण्याच्या कार्यक्रमात समोरासमोर बसून ‘छंद काय?’ विचारण्यापेक्षा एखादी अडचण दोघांनी मिळून सोडवली, तर स्वभाव फार लवकर कळेल.

आता आपल्या घराकडे. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आणलं. जरठ-कुमारी विवाहाविरुद्धचं नाटक म्हणून ते शाळेपासून आपल्याला ठाऊक असतं. ते लग्न जुळवण्याच्या धंद्याचंही नाटक आहे, हे मात्र फारसं बोललं जात नाही. भद्रेश्वर दीक्षित हा त्यातला दलाल. एका बाजूला पंचाहत्तरीचा श्रीमंत भुजंगनाथ, दुसऱ्या बाजूला पैशाला हपापलेला कांचनभट आणि त्याची कोवळी मुलगी शारदा. ही सोयरीक भद्रेश्वर जमवतो. म्हातारा नवरदेव व्हायला निघतो तेव्हा प्रेक्षक पोट धरून हसतात, आणि हसता हसता घशाशी काहीतरी अडकतं. देवलांची ताकद त्यातच आहे.

यातला कोदंड हा माझ्या दृष्टीनं मराठी रंगभूमीवरचा हौशी गुप्तहेर. तो पोलीस नाही, वकील नाही. हे लग्न होता कामा नये, एवढ्या तळमळीनं तो पेटलेला. शेवटी भर मांडवात उघड होतं की वर आणि वधू सगोत्र आहेत. शास्त्राच्या नावानं ज्यांनी हा सौदा चालवला, त्यांना शास्त्रच अडवतं. रहस्यकथा म्हणून ही मांडणी अस्सल आहे. गोत्र ही कोणत्याही स्थळात पहिल्या दमात विचारायची गोष्ट, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची, आणि पैशाच्या राशीखाली दडते ती तीच.

पण देवल तिथे थांबत नाहीत, म्हणून ते थोर. सत्य बाहेर आलं, म्हातारा हात हलवत परत गेला. आणि अर्धवट लग्न लागलेली मुलगी? तिला आता कोण पत्करणार? शारदा जीव द्यायला निघते आणि कोदंड तिला वाचवतो. चौकशी मांडवापर्यंत लांबली की तिची किंमत मुलीनं मोजायची, हे देवलांनी सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवलं. आजही साखरपुड्यानंतर बिंग फुटतं तेव्हा ‘त्या घरात काहीतरी झालं होतं म्हणे’ हे शब्द मुलीच्याच मागे लागतात. मला या गोष्टीचा राग येतो.

देवलांचं ‘संशयकल्लोळ’ १९१६ मध्ये रंगभूमीवर आलं. आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावर ते बेतलेलं आहे, पण त्यातला फाल्गुनराव अस्सल आपला. रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला तो सावरतो, हे त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, हे फाल्गुनराव पाहतो. पुरावा खरा, निष्कर्ष दोघांचाही चुकीचा. त्यावर अख्खं नाटक हसत हसत उभं राहतं.

म्हणजे साहित्य आपल्याकडे सगळं आहे. बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळा पहाड दिले, भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा फास्टर फेणे दिला. मला आता वधू-वर मंडळ चालवणाऱ्या साठीच्या बाई हव्या आहेत, गुप्तहेर म्हणून.

गोष्टसुद्धा माझ्या मनात आहे. एका मुलीची पत्रिका मंगळाची म्हणून स्थळं परत जातात. वर्षभरानं ती दुसऱ्या गावच्या मंडळात नाव घालते, आणि त्या पत्रिकेत मंगळ नाही! बाईंकडे दोन्ही पत्रिका योगायोगानं येतात. नाव, तारीख, रास, नक्षत्र तेच. छत्तीस गुणांचं गणितही तेच. कारण गुण चंद्राच्या नक्षत्रावरून काढतात आणि चंद्र एका नक्षत्रात साधारण दिवसभर असतो. पण कुंडलीतलं लग्न दर दोन तासांनी बदलतं. जन्मवेळ दोन तास पुढे ढकलली की सातव्या घरातला मंगळ सहाव्यात जातो आणि दोष पुसला जातो. खोटं केलं कुणी? मुलीची आई चहा देताना बोलून जाते, ‘सासूबाईंनी देवाजवळ दिवा लावला आणि दवाखान्यातून निरोप आला, लक्ष्मी आली म्हणून.’ नव्या पत्रिकेत वेळ रात्री सव्वानऊची. बाई काही बोलत नाहीत, पण बशीत सांडलेला चहा पुसायला विसरतात. पुढे कळतं की वेळ बदलली ती मुलीच्या थोरल्या काकूनं. तिचं स्वतःचं लग्न याच मंगळापायी दहा वर्षं रखडलं होतं.

पत्रिकेवर माझा विश्वास नाही. म्हणूनच ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. इथे गुन्हेगार काकू की तिच्यावर ही वेळ आणणारी माणसं, हे बाईंना ठरवावं लागेल. आणि त्या मुलीचं लग्न, तिला हवं असेल तर, सगळं खरं सांगूनच जुळवावं लागेल.

दिवाळी अंकांच्या संपादकांनी अशा कथा मुद्दाम लिहवून घ्याव्यात. आणि ज्यांनी गावोगावी, घरच्या पुढच्या खोलीत बसून वर्षानुवर्षं वधू-वर मंडळं चालवली, त्या काकू-काकांना माझी हात जोडून विनंती आहे: फायली नष्ट करायच्या त्या करा, पण नावं-गावं बदलून आठवणी तेवढ्या लिहून ठेवा. सुरुवात या आठवड्यातच करा.