आमचा 'ळ' कुठे ठेवलात?

पानजुळणीची सॉफ्टवेअरे बनवणाऱ्या मंडळींशी मला आज भांडायचे आहे. विषय रुक्ष आहे हे मान्य. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढच्या आठवड्यात यावे, तेव्हा मी फणसाच्या सांदणांवर लिहिणार आहे :)

घरच्या मंडळींना ठाऊकच आहे, इतरांसाठी सांगते. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढण्याचे काम गेली दोन वर्षे माझ्याकडे आहे. पहिली २००१ साली माझ्या थोरल्या दिरांनी काढली होती. मी मराठीची मास्तरीण, त्यामुळे मजकूर, शुद्धलेखन आणि मुद्रिते माझ्याकडे. संगणकावर पाने लावायचे काम पुतण्याच्या मुलीकडे. ती पाने लावते आणि मी शेजारी खुर्ची टाकून बसते. दोन वर्षे असे बसल्यावर माणसाला काही मते होणारच.

ही सॉफ्टवेअरे हल्ली काय काय करतात! फोटो पानाच्या कडेपर्यंत पुरला नाही तर उरलेले आकाश स्वतःच रंगवून देतात. शब्दांत वर्णन लिहिले की चित्र काढून देतात. दर वर्षी नवी आवृत्ती, नवी जाहिरात. आणि या सगळ्या हुशारीला 'ह' नंतर 'ळ' येतो हे माहीत नाही!

कुलवृत्तांतात सगळ्यात महत्त्वाची असते ती शेवटची नामसूची. पुस्तक हातात पडल्यावर प्रत्येक जण आधी मागचे पान उघडून स्वतःचे नाव शोधतो (तुम्हीही तेच कराल, लाजू नका). आमच्या सॉफ्टवेअरने आपोआप लावून दिलेल्या सूचीत क्रम आला असा: काळूबाई, कावेरी, काशी. अहो, मराठीत तो कावेरी, काशी, काळूबाई असा यायला हवा. शब्दकोश बघा, नाहीतर पहिलीतल्या मुलाला विचारा. य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ. क्षमा शिरली क च्या घोळक्यात, आणि आमच्या घराण्यातले सात ज्ञानेश्वर ज च्या गर्दीत हरवले.

हे का होते ते मी समजून घेतले. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. देवनागरीचा तक्ता हिंदी, मराठी, संस्कृत, नेपाळी अशा सगळ्यांना मिळून एकच आहे, आणि त्यात ळ बसवला आहे ल च्या शेजारी, व च्या आधी. तक्त्याबद्दल माझी तक्रार नाही. क्रमांक म्हणजे घराचा नंबर. पण नगरपालिकेने दिलेले घरनंबर बघून कोणी पंगत बसवते का? पंगतीचा मान वेगळा असतो, तो त्या त्या घरच्यांना विचारावा लागतो. गंमत म्हणजे विचारण्याचीही गरज नाही. युनिकोडवाल्यांनीच सीएलडीआर नावाचा साठा करून ठेवला आहे, त्यात प्रत्येक भाषेचा वर्णक्रम आहे. मराठीचाही आहे: ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. फुकट उपलब्ध. तो उचलून आत घालायचा एवढेच काम. आकाश रंगवण्यापेक्षा नक्कीच सोपे असेल.

तर पहिली मागणी ही: सूची मराठी असेल तर ती मराठीच्या क्रमाने लावा.

दुसरी मागणी शोधण्याविषयी. मी वर्गात नेहमी सांगत असे की आचार्यांना दक्षिणा द्यायची असते आणि आचाऱ्यांना पगार. एका अर्ध्या र चा फरक! आता हा दुसरा, चंद्रकोरीसारखा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. कोणी ऱ चा स्वतंत्र क्रमांक वापरतो. कोणी साध्या र पुढे हलन्त देऊन त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह टाकतो. छापल्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. पण शोधायला गेले की एक सापडतो, दुसरा सापडत नाही. आमच्या घराण्यातल्या मुली मोऱ्यांकडे दिल्या, गोऱ्यांकडे दिल्या, खऱ्यांकडे दिल्या. माहिती आली पंधरा ठिकाणांहून, कोणी संगणकावर लिहिलेली, कोणी मोबाइलवर. 'मोऱ्यां' असे शोधले तर अर्ध्या मोऱ्यांचा पत्ताच लागेना. ॲ चेही तेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली. त्याआधीचे, आणि नंतरचेही कित्येक लोक अ लिहून वर चंद्र देतात. दिसायला एकच असलेले शब्द शोधताना एकच धरावेत, यात अवघड ते काय? इंग्रजीत मोठ्या आणि लहान लिपीतले अक्षर शोधताना एकच धरण्याची सोय कधीपासूनची आहे. तिथे कोणी म्हटले नाही की हे फार गुंतागुंतीचे आहे.

त्यापुढचे म्हणजे सामान्यरूप. 'मोरे' शोधले तर 'मोऱ्यांना', 'मोऱ्यांच्या' सापडले पाहिजे. घर, घरात, घरातल्या, घरातल्यांना, घरासमोरच्यांनासुद्धा.. हे सगळे शब्द यादीत घालून शुद्धलेखन तपासता येणार नाही, यादी या जन्मात संपायची नाही. विभक्तीचे नियम सांगावे लागतात. शुद्धलेखन तपासणीच्या नावाखाली सगळे पान लाल रेघांनी भरते आणि मग आमची नात ती तपासणीच बंद करून टाकते. सगळे खरे विद्यार्थी नापास करणाऱ्या मास्तराकडे कोण उत्तरपत्रिका देईल?

अक्षरांच्या रूपाबद्दल थोडक्यात. मराठी ल आणि श हिंदीहून वेगळे दिसतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये निर्णय काढून वर्णमाला आणि अक्षरांची रूपे ठरवून दिली आहेत. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात, पण मजकूर मराठी आहे असा निरोप सॉफ्टवेअरने फॉन्टला द्यावा लागतो. तो निरोप कुठेतरी मध्येच अडकतो आणि पानावर हिंदी ल उतरतो. कारण सॉफ्टवेअर मुळात धरून चालते की सगळे जग इंग्रजी लिहिते. इनडिझाइनचेच उदाहरण घ्या. देवनागरी नीट जुळवणारा कंपोझर त्यात २०१२ च्या सीएस-६ आवृत्तीपासून आहे, हे त्यांचे उपकारच. पण नेहमीच्या इंग्रजी मांडणीत तो आपण मेन्यूत शिरून निवडायचा. ज्याला माहीत नाही त्याच्या 'कि' ची वेलांटी क च्या मागे जाऊन उभी राहते, आणि तो बिचारा समजतो की युनिकोडच खराब. समोर ढळढळीत देवनागरी अक्षर आलेले दिसते ना? मग आपण होऊन बदल की बाबा!

आणि ती शिरोरेषा! ओळ भरायला अक्षरांत अंतर टाकले की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडलेल्या तोंडासारखा दिसतो. पाटी रंगवणारा पेंटर जागा उरली तर रेघ ओढून पुढे नेतो. त्याने कुठलाही कोर्स केलेला नसतो. अधोरेखन केले तर ती रेघ उकारांच्या पोटातून आरपार जाते. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला, तेव्हापासून खिळे जुळवणाऱ्यांच्या किती पिढ्या झाल्या. अक्षर म्हणजे काय, ते कुठे तोडायचे आणि कुठे नाही, हे त्यांच्या बोटांत होते. आज लाखभर रुपयांच्या यंत्राला ते सांगत बसावे लागते.

पण यातले सगळ्यात मोठे दुखणे मी अजून सांगितलेलेच नाही. ते जुन्या फाइलींचे.

पहिल्या आवृत्तीची सीडी दिरांनी जपून ठेवली होती, फडक्यात गुंडाळून. चारशे पाने. आम्ही म्हटले, मजकूर तयारच आहे, नवी माहिती भरली की झाले. फाइल उघडली. पानावर मराठीचे एक अक्षर नाही! सगळा इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा आणि उद्गारचिन्हांचा कचरा. त्या काळच्या फॉन्टमध्ये अक्षरे नसायचीच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला असायचा. कुठे अर्धा ग, कुठे नुसता काना. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच. मराठी दिसायची ती फक्त आपल्या डोळ्यांना, तीसुद्धा तोच फॉन्ट त्या यंत्रावर असेल तर. आणि प्रत्येक फॉन्टवाल्याची जागावाटणी वेगळी. म्हणजे त्या सीडीवर मराठी मजकूर कधी नव्हताच, मराठीचे सोंग होते.

दीर आता नाहीत. त्यांनी नागाव, गुहागर, बडोदे, इंदूर अशी पायपीट करून, म्हाताऱ्या माणसांना भेटून ती माहिती मिळवली होती. ती माणसेही आता नाहीत. नशिबाने छापील पुस्तक आहे, म्हणून आम्ही चारशे पाने पुन्हा लिहून काढली (मी, नात आणि बडोद्याच्या वन्सं, सात महिने). रूपांतर करून देणारी साधने आहेत, ती वापरून पाहिली. जोडाक्षरांत आणि रफारांत इतक्या चुका निघाल्या की तपासण्यापेक्षा लिहिणे सोपे. नावांच्या पुस्तकात एक चूक म्हणजे एक माणूस बदलतो.

म्हणून माझी सगळ्यात मोठी मागणी ही आहे. सॉफ्टवेअरने जुनी फाइल उघडताना तो फॉन्ट ओळखावा आणि विचारावे, हा मजकूर खऱ्या मराठीत आणू का? जिथे शंका असेल तिथे पिवळी खूण करावी, आम्ही तपासू. चित्रातले आकाश ओळखता येते, मग ठरावीक दहा-वीस फॉन्टांची जागावाटणी ओळखायला काय हरकत आहे? आणि तयार पीडीएफमधून मजकूर उचलला की तो जसा लिहिला तसाच यावा. आज उचलला की वेलांट्या एकीकडे आणि अक्षरे दुसरीकडे. पीडीएफमध्ये मूळ मजकूर आकाराबरोबर साठवण्याची सोय आहे. ती देवनागरीसाठी न मागता वापरा.

यावर मला दोन उत्तरे मिळतात. पहिले: मराठीचा बाजार छोटा आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. युरोपातल्या कितीतरी भाषांची याच्या दशांशही वस्ती नाही, आणि त्यांची शब्दतोड, त्यांचा वर्णक्रम सगळे जिथल्या तिथे असते. तेव्हा बाजाराचे कारण मला सांगू नका.

दुसरे उत्तर आपल्याच लोकांचे, आणि ते मला जास्त झोंबते. 'बाई, छापून तर छान येते ना? मग आत काय आहे त्याच्याशी काय करायचंय?' पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची. कंपनीने २००४ मध्ये त्यात भर घालणे थांबवले. आणि आपल्याकडे अजूनही छापखान्यांत लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत त्यावरच काम चालते, त्याच जुन्या फॉन्टांत! म्हणजे आमच्या सीडीसारख्या सीड्या आजही रोज तयार होत आहेत. गिऱ्हाईकच सोंगावर खूश असेल तर कंपनी कशाला कष्ट घेईल? मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले, फलक लावले. त्यांतले किती फलक खऱ्या मराठी अक्षरांत जुळवलेले होते, हा प्रश्न मी एका समारंभात विचारला. मला पुन्हा बोलावलेले नाही :)

स्क्रायबस नावाचे पानजुळणीचे एक मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर आहे. वर्षानुवर्षे त्यात देवनागरी मोडकी दिसायची. आता २०२४ च्या १.६ आवृत्तीत नीट दिसते. हे कोणी केले असेल? त्यातला मोठा वाटा ओमानमधल्या एका गटाचा. त्यांना अरबी हवी होती, ती त्यांनी आत घुसून करून घेतली, आणि त्याच कामात आपली देवनागरीही मार्गी लागली. पुण्यात गल्लोगल्ली संगणक अभियंते आहेत, आमच्याच घराण्यात अकरा आहेत (सूचीत मोजले). त्यांच्यापैकी एकाने जरी त्या स्क्रायबसमध्ये मराठीचा वर्णक्रम घालून दिला तर मी त्याचे नाव मुखपृष्ठावर छापीन. हे मी गमतीने म्हणत नाही, संपादक मी आहे.

तूर्तास सूची मी हातानेच लावते आहे. 'प' पर्यंत आले. दिवाळीच्या आत 'ळ, क्ष, ज्ञ' गाठायचा विचार आहे. ज्यांची माहिती अजून आलेली नाही त्यांनी ती युनिकोडमध्ये लिहून पाठवावी, वहीच्या पानाचा तिरका फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नये. बडोदेकरांनो, हे तुम्हाला उद्देशून आहे. आणि ॲ लिहिताना कृपया तो एकच अक्षर म्हणून लिहा, अ वर चंद्र ठेवू नका.