लेखणी भाड्याने द्या, आवाज नको

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. वर्ध्यातल्या आमच्या अभ्यासवर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी एका उद्योजकाची पोस्ट टाकली. साहेब ‘मी’ म्हणून बोलत होते. मी माणूस निवडताना जात पाहत नाही, फक्त गुणवत्ता पाहतो, सवलतींनी देश मागे राहतो, वगैरे वगैरे. भाषा सफाईदार आणि खाली हजारो लाइक. आम्ही संध्याकाळी बसून त्या पोस्टची चिरफाड केली. उत्तर लिहायचे ठरले. तेव्हा कोपऱ्यात बसलेला आमचाच एक कार्यकर्ता हळूच म्हणाला, “भाऊ, ते मीच लिवलं.”

त्याच साहेबांची 14 एप्रिलची पोस्टही त्यानेच लिहिली होती. तीत बाबासाहेब साहेबांचे प्रेरणास्थान होते! दोन्ही पोस्टचे मिळून सातशे रुपये ठरले होते आणि तेही अजून हातात पडले नव्हते.

आम्ही त्याच्यावर ओरडलो नाही, कारण हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, कुठेही जा. हातात पदवी, स्पर्धा परीक्षेच्या दोन-तीन फेऱ्या झालेल्या, घरी शेतमजुरी. मोबाइलवर पुण्या-मुंबईच्या एजन्सीचे काम येते. मालक पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवतो आणि त्यातून त्याच्या ‘आवाजात’ लेख करून द्यायचा. दुकानाची ‘आमची वाटचाल’, डॉक्टरांचा आरोग्यावरचा लेख, संस्थाध्यक्षांचे भाषण, बिल्डरच्या संघर्षाची कहाणी. खाली नाव त्यांचे. आपले नाव कुठेच नाही, आणि ते कोणाला सांगायचे नाही असा करार.

यात लाज आहे का? आमचे स्पष्ट मत आहे, नाही. दुसऱ्याचे म्हणणे लिहून देणे हा जुना, प्रामाणिक धंदा आहे. कचेरीबाहेरचा अर्जनवीस हेच करतो. गावात शिकलेल्या पहिल्या पोराने कितीतरी आयाबायांची पत्रे ‘मी’ म्हणून लिहिली आहेत. भाकरीसाठी लेखणी चालवणाऱ्याला आयता उपदेश करणारे आम्ही कोण? पण धंदा कोणत्या अटींवर करायचा, हे विचारण्याचा हक्क चळवळीला आहे.

आपल्या इतिहासातच निनावी लेखन आहे. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते, म्हणून त्यांना उघडपणे संपादक होता येत नव्हते. अग्रलेख मात्र त्यांच्या लेखणीतून उतरले. नाव झाकले होते, पण विचार स्वतःचा होता आणि आवाज मुक्यांचा होता. आज आपण याच्या नेमके उलट करतो. ज्यांच्याकडे आवाज, पैसा, व्यासपीठ सगळे आहे, त्यांनाच आपण शब्द पुरवतो. त्या काळी ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे घेऊन छापायलाही ‘केसरी’ तयार नव्हता. आपले शब्द विकत घेऊनही नको होते! आज ते हवे आहेत, फक्त त्याखाली आपले नाव आणि आडनाव नको आहे.

दुसरा मुद्दा मजुरीचा. मुंबई इलाख्यातल्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली विधिमंडळात विधेयक मांडले. त्या वतनात महाराने गावाचा सांगावा गावोगाव न्यायचा. दुसऱ्याचे शब्द, आपले पाय. दिवसरात्र केव्हाही बोलावणे येणार, कामाला अंत नाही आणि मोबदल्याला हिशेब नाही. आता एजन्सीचे काम आठवा. रात्री अकराला “जरा बदलून दे” असा मेसेज, चौथ्यांदा दुरुस्ती, आणि पैसे ‘क्लायंटने दिले की’. काम शहरी झाले, पण रीत वतनाचीच राहिली.

आणि श्रेय? 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी मसुद्याच्या कामाचे श्रेय बी. एन. राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना नाव घेऊन दिले. आपल्या वर्ध्यातही दाखला आहे. सेवाग्रामला गांधीजींचे सचिव महादेव देसाई यांच्या नावाची कुटी आजही उभी आहे. सचिवाचे नाव सांगितल्याने मोठा माणूस लहान होत नाही, हे तिथे येणारा कोणताही पर्यटक पाहू शकतो. मग सातशे रुपयांच्या पोस्टलाच एवढी गुप्तता कशाला?

म्हणून हे काम करणाऱ्या तरुणांपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

पहिली, लेखी करार. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 57 नुसार कॉपीराइट दुसऱ्याला दिल्यानंतरही ‘हे मी लिहिले’ म्हणण्याचा हक्क लेखकाला आहे. कलम 19 नुसार हस्तांतर लेखी आणि सहीचे लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जाते. तोंड बंद ठेवण्याच्या कागदावर सही करण्याआधी तो वकील मित्राला दाखवा. निदान नोकरीच्या अर्जासोबत नमुने दाखवण्याची मुभा त्यात लिहून घ्या.

दुसरी, पैसा. उद्यम पोर्टलवर नोंदणी मोफत होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे, लेखी मुदत ठरली नसेल तर 15 दिवसांत आणि ठरली असली तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज लागते. 2006 च्या एमएसएमई कायद्यातली ही तरतूद आहे. हक्क मागायला लाजू नका.

तिसरी, सम्यक आजीविका. वायगावच्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती विकणाऱ्या शेतकऱ्याच्या वतीने जाहिरात लिहा, आनंदाने लिहा. पण न वापरलेल्या मालाचा खोटा अभिप्राय, कधीच न झालेल्या संघर्षाची कहाणी, आणि आपल्याच हक्कांवर घाव घालणारा मजकूर लिहू नका. पंचशीलातले चौथे शील विहारातून बाहेर पडल्यावर संपत नाही. वाचणारा त्या शब्दांवर विश्वास ठेवून फसणार असेल, तर खाली नाव कोणाचेही असो, खोटे आपण लिहिलेले असते.

एक काम नाकारले तर घरात चूल पेटत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून नकार एकट्यावर सोडू नये. दर एकत्र ठरवा, पैसे बुडवणाऱ्या एजन्सीची माहिती एकमेकांना द्या, काम एकमेकांकडे वळवा. संघटित व्हा, हे आपण फक्त मिरवणुकीत म्हणण्यासाठी शिकलो नाही.

चौथी, आणि आमच्या लेखी सर्वांत महत्त्वाची. दुसऱ्याच्या ‘मी’साठी दहा लेख लिहिले तर एक स्वतःच्या नावाने लिहा. पूर्ण नावाने, आडनावासकट. रोज दुसऱ्याचा ‘मी’ लिहिताना स्वतःचा ‘मी’ विसरायला होते. आमच्या मित्राचे नेमके तेच झाले होते. तो म्हणाला, ती पोस्ट लिहिताना ती आपल्याच विरुद्ध आहे हे त्याला जाणवलेच नाही. हात सवयीने चालत होता.

त्या पोस्टला उत्तर शेवटी त्यानेच लिहिले. मालकाला जो सफाईदारपणा विकला होता, तोच त्यात होता. यावेळी खाली त्याचे नाव होते. सातशे रुपये अजून आलेले नाहीत. त्यासाठी आम्ही सगळे मिळून नोटीस पाठवतो आहोत.

जय भीम!