डोस मोजू नका, वाचलेली डुकरे मोजा



जिल्हा बैठकीच्या अंकात डुकरावर लेख पाहून घाटंजीकडचे पुष्कळ जण कपाळाला हात लावतील. टिपेश्वर अभयारण्याच्या कडेने ज्यांची शेते आहेत, त्यांची तूर आणि सोयाबीन रानडुकरांनी उकरून ठेवले आहे. रात्र रात्र मचाणावर जागून डोळे लाल झालेल्या माणसापुढे डुकराच्या आजाराचा विषय काढला, तर उत्तर ठरलेले : "मरू द्या ना भाऊ, तेवढंच पीक वाचते."

हा राग खोटा नाही. रानडुकरांचा बंदोबस्त आणि पिकाची पुरी भरपाई ही आपली मागणी कायम आहे. पण शेत उकरणारे रानडुक्कर वेगळे आणि गावाच्या टोकाला एखाद्या भूमिहीनाने पोसलेले डुक्कर वेगळे. रानडुक्कर कोणाच्या मालकीचे नाही. पाळलेले डुक्कर हे एका घराचे भांडवल आहे. पोरीच्या लग्नाला, दवाखान्याच्या खर्चाला तेच विकले जाते. सातबारा नाही म्हणून तो माणूस शेतकरी नाही, असे म्हणायचे असेल तर आपल्या बैठका बंद केलेल्या बऱ्या.

आता मुद्द्याकडे येतो. डुकरांना मारणारे मोठे ताप दोन. एक जुना स्वाइन फिव्हर, म्हणजे क्लासिकल. दुसरा आफ्रिकन. दोन्हींत डुक्कर खाणे सोडते, अंगात फणफणून ताप भरतो, कान आणि पोट लालजांभळे पडते आणि काही दिवसांत जनावर जाते. नुसत्या डोळ्यांनी पाहून कोणता ताप हे डॉक्टरलाही छातीठोकपणे सांगता येत नाही. नावे सारखी, लक्षणे सारखी, पण विषाणू अगदी वेगवेगळे. माणसाला या दोन्हींपासून धोका नाही. धोका आहे तो डुक्कर पाळणाऱ्याच्या पोटाला.

दोन्हींतला खरा फरक डुकराच्या रक्तात आहे. जुन्या तापाचा विषाणू पांढऱ्या पेशी खलास करतो आणि जनावर उघडे पाडतो. पण त्याच विषाणूचा नरम केलेला प्रकार टोचला, तर डुकराचे शरीर त्याची ओळख पक्की करून घेते. थोड्याच दिवसांत लढणाऱ्या पेशी तयार होतात, दोन-तीन आठवड्यांत रक्तात प्रतिपिंडे दिसू लागतात आणि पुढे खरा विषाणू आला तरी त्याला जागा मिळत नाही. ही लस आजची नाही. कित्येक दशके जगभर वापरली गेली आणि अनेक देशांनी तिच्याच जोरावर हा रोग हद्दपार केला. जर्मनीने तर १९९३ पासून जंगलातल्या रानडुकरांना आमिषात घालून लस चारली. आपल्याकडे मात्र गावातल्या बांधलेल्या डुकरालाही ती मिळण्याची खात्री नाही.

का नाही? हिशोब सरकारचाच आहे. २०२० च्या फेब्रुवारीत भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेची नवी लस जाहीर झाली, तेव्हाच हे आकडे दिले गेले. देशाची गरज वर्षाला २ कोटी २० लाख मात्रांची. तयार होत होत्या सुमारे १२ लाख. म्हणजे शंभर मात्रा हव्यात तिथे जेमतेम साडेपाच. कारण जुनी लस सशांच्या अंगात वाढवावी लागे. एका सशाच्या प्लीहेतून सुमारे ५० मात्रा निघत. देशाची गरज भागवायची तर वर्षाला चार लाखांहून जास्त ससे मारावे लागले असते. एवढे ससे कोण पोसणार? ती लस १५ ते २५ रुपयांना पडे आणि तिचे संरक्षण तीन ते सहा महिने टिके. नवी लस प्रयोगशाळेत पेशींवर वाढते. तिची किंमत मात्रेला सुमारे २ रुपये सांगितली गेली आणि संरक्षण दोन वर्षांचे.

या संस्थेचा जन्म आपल्याच मातीतला, पुण्यात १८८९ साली झालेला. पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली आणि आता तिचे मुख्य ठिकाण बरेलीजवळ इज्जतनगरला आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी आपले काम चोख केले, त्यांना सलाम. पण प्रयोगशाळेत लस तयार होणे आणि घाटंजी तालुक्यातल्या डुकराच्या मानेत ती टोचली जाणे, यांच्यामध्ये सारे सरकार आडवे पडलेले असते. डुकरांच्या या लसीकरणासाठी केंद्राचा कार्यक्रम आहे, पैसाही केंद्राचा. आपापल्या तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात जा आणि तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी डुकरांची लस किती आली? कोणत्या महिन्यात आली? कोणत्या गावात टोचली? उत्तर लेखी मागा.

आणि एवढ्यावर थांबू नका. कारण लस आली आणि टोचली तरी काम संपत नाही. "लस दिली तरी डुकरं मेली, मग कशाला द्यायची?" असे म्हणणारे पाळणारे भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. पण तिथे चूक बहुधा लसीची नसते, टोचण्याच्या वेळेची आणि रीतीची असते. कशी, ते पाहा.

डुकरिणीच्या पोटात पिलाला आईची प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती मिळतात जन्मल्यावर, पहिल्या दिवसाच्या चिकातून. आईला लस दिलेली असेल, तर पुढचे काही आठवडे पिलाचे रक्षण तो चीकच करतो. पण त्याच दिवसांत पिलाला लस टोचली, तर आईकडून आलेली प्रतिपिंडे त्या लसीलाच निकामी करतात. रजिस्टरात डोस पडतो, पिलाच्या अंगात काहीच उरत नाही. म्हणून पिलाचे वय आणि आईची लस, दोन्ही विचारून टोचावे लागते. दुसरे म्हणजे ही लस जिवंत आहे. ती थंडच राहिली पाहिजे. मे महिन्यात यवतमाळहून मोटारसायकलच्या डिकीत आलेली कुपी म्हणजे नुसते पाणी. तिसरे, रोग आधीच अंगात शिरलेला असेल, तर त्यानंतर टोचलेली लस उशिरा येते. साथ आल्यावर धावाधाव करून काढलेल्या मोहिमेत असेच होते, आणि बदनाम होते लस.

चौथी गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. गाभण डुकरिणीला हा ताप हलका होऊन गेला, तर काही पिले पोटातच विषाणू घेऊन येतात. त्यांचे शरीर त्या विषाणूला आपलाच समजते, त्याच्याशी लढतच नाही. पिलू दिसायला चांगले, पण महिनोन् महिने रोग पसरवत राहते. असे पिलू बाजारातून घरी आणले, की कळपात आग लागलीच समजा. म्हणून माद्यांची लस आधी.

आता आफ्रिकन ताप. आपल्या देशात तो २०२० साली आसाम आणि अरुणाचलमध्ये पहिल्यांदा आढळला. हा विषाणू शरीराच्या पहिल्या फळीच्या रखवालदार पेशींमध्येच शिरून वाढतो. डुकराचे शरीर प्रतिपिंडे तयार करते, पण ती विषाणूला पुरती अडवू शकत नाहीत. म्हणूनच त्याची लस करणे इतके अवघड. व्हिएतनामने २०२२ मध्ये लस वापरायला घेतली, काही ठिकाणी टोचलेली डुकरेच मेली आणि वापर थांबवावा लागला. २०२३ मध्ये तिथे पुन्हा परवानगी मिळाली. आपल्या शेतकऱ्याला मात्र आफ्रिकन तापावर लस मिळत नाही. ती आहे म्हणून कोणी कुपी विकायला आला, तर त्याला गावाबाहेर काढा. जुन्या तापाची लस आफ्रिकन तापाला चालत नाही.

लस नाही म्हटल्यावर सरकारजवळ उपाय एकच. रोग निघाला की १ किलोमीटरच्या आतली सगळी डुकरे मारायची आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची. निरोगी डुकरेही त्यात जातात. रोगाच्या हिशोबाने हे बरोबर असेल. पण ज्याचे डुक्कर मारले त्याच्या हातात त्याच दिवशी बाजारभावाने पैसा पडला नाही, तर पुढचा माणूस आजार लपवील, रातोरात डुकरे विकील, मेलेले डुक्कर नाल्यात टाकील. तिथे रानडुक्कर तोंड लावील आणि रोग जंगलात जाईल. मग "मरू द्या" म्हणणाऱ्यांनी युरोपकडे पाहावे. पोलंडच्या जंगलात हा रोग २०१४ मध्ये शिरला, तो वर्षानुवर्षे फिरत राहिला आणि रानडुकरे काही संपली नाहीत. आपले पीक उकरले जाईल ते जाईलच, वर गरिबाचे घर बुडेल.

२०२२ साली लंपी आला, तेव्हा राज्यभर मोहीम काढून गाईबैलांना लस टोचली गेली. मेलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये मदत जाहीर झाली. ते योग्यच होते, कमीच होते. म्हणजे मनात आणले तर यंत्रणा हलते. डुकरासाठी ती हलत नाही, कारण डुक्कर पाळणाऱ्याच्या मागे मोर्चा नसतो. तो मोर्चा आपला झाला पाहिजे.

या बैठकीत चार मागण्या ठरावात घ्याव्यात, असे मी सुचवतो. एक, जुन्या तापाची लस वर्षभर तालुक्याला मिळावी, आणि सरकारला ती पुरवता येत नसेल तर खुल्या दुकानात मिळू द्यावी. २ रुपयांची लस विकत घ्यायला गरीबही तयार आहे, त्याला खैरात नको. दोन, रजिस्टरात नुसता डोस नको, तारीख, पिलाचे वय आणि आईची लस लिहावी, आणि महिन्याने काही डुकरांचे रक्त तपासून लस लागली का ते पाहावे. तीन, डुकरे मरू लागताच नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेत जावा आणि कोणता ताप ते पाळणाऱ्याला लेखी कळावे. चार, मारलेल्या डुकराचे पैसे मारण्याच्या दिवशीच मिळावेत.

आपल्या बाजूनेही दोन पथ्ये पाळू. हॉटेलातले खरकटे उकळल्याशिवाय डुकराला घालायचे नाही. मेलेले डुक्कर वाघाडीच्या पात्रात टाकायचे नाही, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे. एवढे आपण केले, की दवाखान्याच्या दारात उभे राहून उरलेले मागायला आपला आवाज मोठा होईल.