हिरड्यांतून रक्त का येते?

सकाळी चूळ भरताना पाणी लालसर दिसले, की पुष्कळजण ब्रश बाजूला ठेवून नुसत्या बोटाने दात घासू लागतात. काहीजण औषधाच्या दुकानातून 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणतात. गोळ्यांचा उपाय अपुरा आहे आणि ब्रश सोडण्याचा तर उलटाच.

हिरड्यांतून रक्त येण्याचे मुख्य कारण म्हणजे दात आणि हिरडी यांच्या सांध्यात साचणारा जंतूंचा चिकट थर. तो रोज निघाला नाही, तर कडक होऊन त्याचे किटण बनते. हिरड्या सुजतात, पण बहुधा दुखत नाहीत, म्हणून दुर्लक्ष होते. पुढे दाताभोवतीचे हाड झिजते आणि कीड न लागलेला दातही हलू लागतो.

मग आहाराचा संबंध काय? हिरड्या घट्ट ठेवणारे कोलॅजन हे प्रथिन तयार होण्यासाठी 'क' जीवनसत्त्व लागते. स्कर्व्ही या रोगात त्याच्या अभावी हिरड्या सुजतात व त्यांतून रक्त येते. 1747 मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील डॉक्टरने हा रोग झालेल्या 12 खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. त्यांपैकी संत्री व लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दररोज 80 आणि स्त्रीला 65 मिलीग्रॅम 'क' जीवनसत्त्व हवे. 100 ग्रॅम पेरूत ते दोनशे मिलीग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे एक लहान पेरू पुरून उरतो. आवळाही उत्तम. हे जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते, म्हणून जेवणात कोशिंबीर असावी आणि लिंबू वरण ताटात वाढल्यावर पिळावे. मात्र लिंबू दातांवर चोळू नये. आम्लाने दातांचे कवच झिजते.

दिवसभर थोड्याथोड्या वेळाने गोड चहा-बिस्किटे खाल्ली, तर जंतूंना सतत खाद्य मिळते. गोड खायचेच तर जेवणाबरोबर खावे. मधुमेह असणाऱ्यांनी अधिक जपावे. वाढलेल्या साखरेने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहणे अवघड होते.

धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, पण रोग आत वाढतच असतो. मशेरीने दात मजबूत होतात हाही गैरसमजच. ती तंबाखूच आहे.

रक्त येत असले तरी मऊ ब्रशने, हलक्या हाताने, दिवसातून दोनदा दात घासावेत. दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, तर दंतवैद्याकडून किटण काढून घ्यावे. त्याने दात सैल होत नाहीत. ते सैल होतात किटण तसेच राहू दिल्याने.