गाठोड्यातील कागद

तिरुवनंतपुरमहून निघालेले एमिरेट्सचे विमान 3 ऑगस्ट 2016 रोजी दुबईच्या धावपट्टीवर आदळून पेटले, तेव्हा सामान सोडून उतरा म्हणून कर्मचारी ओरडत असतानाही कित्येक प्रवासी वरच्या कप्प्यांतून आपापल्या बॅगा काढीत होते. आतील 300 जण वाचले. मात्र सुमारे नऊ मिनिटांनी इंधनाच्या टाकीचा स्फोट होऊन अग्निशमन दलाचा एक जवान प्राणास मुकला.

निम्मीच दारे वापरून 90 सेकंदांत सर्वांना बाहेर काढता येते हे सिद्ध केल्यावाचून नव्या घडणीच्या मोठ्या विमानास परवाना मिळत नाही, आणि त्या हिशेबात कोणी कप्पा उघडीत उभे राहणे धरलेलेच नसते. अरुंद वाटेत एक थांबला की मागचे सारे थांबतात. बॅगेच्या धातूच्या कोपऱ्याने दाराशी लावलेली हवेची घसरगुंडी फाटली तर ते दार सर्वांनाच बंद होते. टोकियोच्या हानेडा विमानतळावर 2 जानेवारी 2024 रोजी जळत्या विमानातील 379 जण तीनच दारांनी सुखरूप उतरले, कारण बहुतेकांनी सामानास हात लावला नाही.

तथापि बॅग उचलणाऱ्यास लोभी ठरवून मोकळे होणे मला मान्य नाही. जुलै 2023 मध्ये आमच्या महागाव तालुक्यातील आनंदनगरास पुराने वेढले आणि वायुसेनेची हेलिकॉप्टरे मागविण्याची वेळ आली. या पैनगंगेच्या खोऱ्यात घरात पाणी शिरू लागले की बाई लेकरू काखेला घेते आणि पाठोपाठ सातबारा, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक ठेवलेली पिशवी ओढते, कारण एकेका नकलेसाठी तलाठ्यापासून तहसील कचेरीपर्यंत किती हेलपाटे घालावे लागतात हे ती जाणून असते. आखातात मजुरीस गेलेल्याच्या बॅगेत पासपोर्ट असतो, नोकरीचा करारनामा असतो. हे कागद गमावणे म्हणजे परमुलखात बेवारस होणे, हे भय त्याच्या हाडीमाशी मुरलेले असते.

उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी कप्पे यंत्राने कुलूपबंद करावेत ही सूचना मला पटते; पण पायांशी ठेवलेली पिशवी तेवढ्याने सुटत नाही. म्हणून त्या दोन्ही वेळी कागदपत्रे अंगावरच बाळगावीत, हे प्रवाशास त्याच्या भाषेत आधीच सांगितले पाहिजे. आणि दुर्घटनेत दस्तऐवज गमावलेल्यास ते अर्जफाट्यावाचून, विनाशुल्क, ठरावीक मुदतीत पुन्हा मिळतील असा स्पष्ट हुकूम काढून सरकारने तो प्रत्येक तिकिटावर छापवून घ्यावा.

— फुलसावंगीकर